मनस्वीच्या खोलीतलं नेट

१. आतून कडी

मनस्वीच्या खोलीला आतून कडी होती. खिडकीला डासांची जाळी होती, तिचा एक खिळाही हललेला नव्हता. घरातली वीज गेलेली नव्हती. घरातलं नेटसुद्धा गेलेलं नव्हतं. आणि तरीही ऐन परीक्षेत त्या बंद खोलीतल्या लॅपटॉपचं नेट मेलं, आणि त्याच्याबरोबर सुकापूरच्या घरतांच्या घरातलं आणखीही बरंच काही मेलं.

दमयंतीबाई घरत हे सांगायला पनवेलात आल्या, तेव्हा किशोरीबाई परांजपे तुळशीला प्रदक्षिणा घालत होत्या. प्रदक्षिणा आणि रोजचा अध्याय होईपर्यंत देवाच्या नावाखेरीज तोंडून शब्द काढायचा नाही, असा त्यांचा बारमाही नेम. त्यामुळे दमयंतीबाईंना मधे कुणी अडवलं नाही, ‘अगं पण’ म्हटलं नाही, आणि एरवी पोटातच राहिलं असतं तेही त्या बोलून गेल्या.

मनस्वी त्यांची धाकटी, नर्स. जर्मनीत नर्स पाठवणाऱ्या एका संस्थेत तिनं नाव घातलं होतं आणि तिथली भाषा रात्रंदिवस घोकली होती. शेवटची परीक्षा घरूनच द्यायची होती, पण अटी कडक. मोबाइल चालणार नाही, कॉम्प्युटरच हवा. कॅमेरा चालू, दार बंद, खोलीत दुसरं माणूस नको, आणि जोडणी तुटली की परीक्षा बाद. गौरी-गणपती गेले आणि लगेच ही परीक्षा आली. मनस्वी तिच्या जुन्या लॅपटॉपवर वायफाय लावून बसली. उत्तरं छान जात होती. आणि मग पडद्यावरच्या परीक्षक बाई तोंड अर्धवट उघडं ठेवून थिजल्या, त्या थिजल्याच.

मनस्वी बाहेर धावली, तर हॉलमधल्या नेटच्या डब्याचे दिवे नेहमीसारखे लुकलुकत होते. आणि सूनबाई, पूर्वी, सोफ्यावर बसून उरणला आपल्या आईशी व्हिडिओवर बोलत होती. त्याच नेटवर.

मग जे व्हायचं ते झालं. मनस्वी म्हणाली, वहिनीनं मुद्दाम बंद केलं. पूर्वीचा नवरा भावेश म्हणाला, मी हिचा हात डब्यापाशी पाहिला. पूर्वी म्हणाली, मी माझा चार्जर काढला. पुढं कुणी कुणाचं ऐकलं नाही. संध्याकाळी पूर्वी एक पिशवी घेऊन माहेरी गेली. जर्मनीची तुकडी मनस्वीला सोडून पुढे गेली. आता पितृपक्ष चालू होता. तो संपला की दोन्हीकडची जाणती माणसं बैठकीला बसणार होती, आणि त्या बैठकीत काडीमोडाशिवाय दुसरं काही ठरणार नाही, हे घरातल्या भांड्यांनासुद्धा कळलं होतं.

किशोरीबाईंनी पोथी कपाळाला लावून मिटली. आता बोलायला हरकत नव्हती.

“तुम्हांला काय वाटतं? तिनं केलं असेल?”

दमयंतीबाईंनी पदरानं तोंड पुसलं. “मला वाटून काय व्हतंय, बाई. तुमी कॉम्प्युटर शिकवलेल्या. एकदा येऊन बघा. तिनं केलं आसंल तं तसं सांगा, मी गप बसन. पन नसंल केलं, तं माजी सून फुकट चाललीय.”

किशोरीबाईंनी मुलींच्या शाळेत जन्मभर कॉम्प्युटर शिकवला होता. मनस्वीही त्यांच्याच हाताखालून गेली होती. देवळातली समई नाहीशी झाली तेव्हा ती कुठं गेली हे त्यांनीच कुणाची अब्रू न घालवता शोधून दिलं होतं, त्यामुळे असली कामं त्यांच्याकडे येत. पण या चातुर्मासात त्यांनी एक निराळा नेम धरला होता: कुणाचं उणं बोलायचं नाही. आणि गुन्हेगार दाखवायचा म्हणजे कुणाचं तरी उणं बोलणं आलंच.

त्यांनी तुळशीला हात जोडले. मग आत जाऊन पातळ बदलून आल्या.

२. पंखा

घरतांचं घर म्हणजे त्यांच्याच जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीतला ऐसपैस फ्लॅट. किशोरीबाईंचं एकभुक्त असल्यानं चहा नको म्हणावा लागला. दमयंतीबाईंनी तरी पाण्याचा तांब्या आणि गूळ ठेवला.

भावेश आधी बोलला. तो एका वाहतूक कंपनीत गाड्यांचं बघायचा, आणि वकिलासारखं मुद्दे मांडून बोलायची त्याला सवय होती. घरातलं नेट पूर्वीच बघायची, त्यानं सांगितलं. बिल भरणं, पासवर्ड बदलणं, सगळं तिच्या मोबाइलवर. त्यातून कुणाचंही एकट्याचं नेट बंद करता येतं. तिनं एकदा मनस्वीचं गमतीनं केलंही होतं, जेवायला येत नाही म्हणून.

लॅपटॉपच बिघडला नसेल कशावरून, असं किशोरीबाईंनी विचारलं. त्याचं उत्तर भावेशकडे तयार होतं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत खटपट केली, नेट आलं नाही. सकाळी वायरी उपटून तो लॅपटॉप नवीन पनवेलच्या दुकानात नेला. दुकानदारानं चालू केला आणि त्याच्या वायफायवर नेट लगेच आलं. काहीही दुरुस्त न करता.

“म्हणजे बघा बाई, मशीन ओके, डबा ओके, लाइट ओके. राहिलं कोण? माणूस. ती घरात असेपर्यंत बंद, ती गेली आणि चालू. अजून काय प्रूफ पाहिजे?”

“तिला विचारलंस?”

“काय विचारायचं? तोंडावर खोटं बोलली असती.”

किशोरीबाई उठल्या. त्या मनस्वीच्या खोलीत गेल्या.

पोरगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाई आल्या म्हणून उठून बसली, पण डोळ्यांत काही नव्हतं. ती सांगत गेली ते तुटक तुटक. वहिनीला ती जायलाच नको होती. वहिनी उघड म्हणाली होती, तू गेलीस की आईबाबांचं सगळं माझ्या एकटीवर. वर्गातल्या सगळ्याजणी आता विमानात बसतील आणि ती इथं पनवेलच्या नर्सिंग होममध्ये सलाइनच्या बाटल्या बदलत म्हातारी होईल.

किशोरीबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग शाळेत विचारायच्या तशा हळू आवाजात म्हणाल्या, “नेट गेलं तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात काय दिसत होतं, आठवतंय?”

“वायफायचं चिन्ह असतं ना बाई, पंख्यासारखं. ते गेलं.”

“गेलं म्हणजे? पंखा होता आणि त्यावर पिवळी खूण आली, असं?”

मनस्वीनं डोळे मिटून आठवलं. “नाही. पंखाच गेला. तिथं दुसरंच काहीतरी चौकोनी आलं. मी रडत होते, नीट बघितलं नाही.”

किशोरीबाईंचा हात तिच्या पाठीवर तिथंच थांबला. मोबाइलवरून कुणाचं नेट अडवलं तर पुढची वाट बंद होते, पण लॅपटॉपला डबा दिसत राहतो, पंखा जागेवर राहतो. पंखा पार नाहीसा होतो तो लॅपटॉपनं स्वतःच वायफाय सोडलं तर.

म्हणजे पूर्वीनं सोफ्यावर बसून मोबाइलवरून काहीही केलं असतं, तरी हे झालं नसतं.

आणि आत, कडी लावलेल्या खोलीत, लॅपटॉपला हात लावणारी एकटी मनस्वी होती.

३. गणपतीचा फोटो

मनस्वीनंच आपलं आपण बंद केलं असेल का? परीक्षेच्या भीतीनं माणूस काहीही करतो. पण त्या पोरीचे कोरडे डोळे पाहून किशोरीबाईंनी तो विचार देवाला वाहिला.

लॅपटॉप टेबलावर होता. काळा, जडशीळ, एका बंद पडलेल्या ऑफिसातून जुना म्हणून घेतलेला. त्याच्या कडेला नेटच्या वायरीचं भोक होतं आणि शेजारीच ती वायर पडली होती, टोकाचा चाप मोडलेला. भावेशनं दुकानात नेताना ओढली तेव्हा तो तुटला होता.

“परीक्षेला तू वायफायवर बसली होतीस ना? मग ही वायर?”

“ती नुसतीच खोचलेली असायची. त्या भोकात मुंग्या जायच्या, म्हणून आई म्हणायची असू दे बूच म्हणून.”

किशोरीबाई वायरीच्या मागे मागे गेल्या. वायर खिडकीच्या चौकटीतल्या भोकातून गॅलरीत, गॅलरीतून हॉलमध्ये, आणि हॉलमध्ये टीव्हीच्या फळीवर चढली होती. फळीवर विजेच्या एका बोर्डाला जोडलेला नवा पांढरा डबा, त्याला कान फुटल्यासारख्या दांड्या. शेजारी एक काळा, धूळ बसलेला जुना डबा. वायर त्या काळ्या डब्यात घट्ट बसवलेली होती, आणि डब्याचा एक हिरवा दिवाही चालू होता.

“तो मेलेला हाय,” दमयंतीबाई म्हणाल्या. जुन्या केबलवाल्याचा डबा. त्यानं धंदा बंद केला तेव्हा नेट गेलं, मग भावेशनं नवं घेतलं. जुना उचलून टाकू टाकू म्हणता राहिला. वीज मिळते म्हणून दिवा जळतो, एवढंच.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला दमयंतीबाईंचे यजमान आनंदा घरत खुर्चीवर बसले होते. मोठ्या हाडाचा, आता सैल झालेला माणूस. बाई आल्या म्हणून त्यांनी हात जोडले. किशोरीबाई फळीपाशी उभ्या असतानाच ते उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले, फ्रिजचा प्लग अंगठ्यानं दाबून पाहिला, आणि परत येऊन बसले.

दमयंतीबाई हसल्या, त्या दिवसभरात त्यांना पहिल्यांदाच हसू आलं असावं. जासईच्या कंटेनर यार्डात जन्म गेला, त्या म्हणाल्या. रिफरवर असायचे, म्हणजे गारेगार कंटेनर, मासळीचे, द्राक्षांचे. त्यांच्या रांगांमधून फिरायचं आणि कुणाचा प्लग सुटलेला दिसला की विचारत बसायचं नाही, आधी लावायचा. नाहीतर आतला माल सडला. आता इथं आमचा मिक्सर, आमची इस्त्री. “गनपतीत मी मुद्दाम तोरन बंद केलं, तं यांनी पुन्ना लावलं. बोलले तं म्हन्तात, सुटलेलं दिसलं.”

तोरणावरून त्यांना गणपतीची आठवण झाली आणि त्यांनी मोबाइल काढून फोटो दाखवले. पूर्वीनं मखर केलं होतं, तेही याच फळीखाली.  फोटोत पूर्वी मोदकांचं ताट घेऊन उभी होती, जरा वाकडी मान करून हसत.

किशोरीबाई मात्र पूर्वीकडे पाहत नव्हत्या. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. मखराच्या मागं, फळीच्या कडेवर, एक निळी वायर पडली होती. तिचं टोक मोकळं होतं. काळ्या डब्यातलं भोकही मोकळं होतं, हिरवा दिवा मात्र तेव्हाही जळत होता.

त्यांनी मान वर करून फळीकडे पाहिलं. आज वायर डब्यात होती.

गणपती गेल्यानंतर कुणीतरी ती लावली होती.

४. उलटा प्रश्न

लॅपटॉप मागून घेऊन त्या घरी आल्या. सांजवात झाली, स्तोत्र झालं, मग त्यांनी तो देवघरासमोरच्या पाटावर ठेवून उघडला.

त्यांच्या घरच्या वायफायवर नेट मिनिटाच्या आत आलं. कोपऱ्यात पंखा दिसला. मग त्यांनी माळ्यावरून एक जुनी वायर काढली, एक टोक स्वतःच्या डब्यात बसवलं आणि दुसरं लॅपटॉपच्या कडेच्या भोकात.

टक्कन आवाज झाला आणि पंखा गेला. त्याच्या जागी चौकोनी चिन्ह आलं. नेट चालूच राहिलं, कारण वायरीतूनही तेच नेट येत होतं. वायर काढली, पंखा परत आला. पुन्हा घातली, पुन्हा गेला.

मग त्यांनी डब्याला येणारी बाहेरची तार सोडवली, म्हणजे आपल्या डब्याला घरतांच्या काळ्या डब्यासारखा मुका करून टाकला. दिवा जळतोय, पण पलीकडे काही नाही. मोबाइलवर हॉटस्पॉट लावून त्यांनी दुसरं वायफाय सुरू केलं आणि लॅपटॉप त्याला जोडला. नेट उत्तम. आता लॅपटॉपमध्ये वायर आधीच खोचून ठेवली, दुसरं टोक मोकळं. तरी नेट उत्तम. मग ते मोकळं टोक मुक्या डब्यात बसवलं.

पंखा गेला. नेट मेलं. आणि ती वायर लावलेली होती तोवर मेलेलंच राहिलं.

किशोरीबाईंनी वायर काढून पाटावर ठेवली. शाळेत त्या मुलींना सांगत असत ते त्यांनाच आता कळल्यासारखं झालं. ऑफिसांतल्या जुन्या लॅपटॉपना आतून शिकवून ठेवलेलं असे: वायर जोडलेली दिसली की वायफाय सोडून दे. वायर भरवशाची, हवा बेभरवशाची. एका वेळी एकच धर. पण वायरीच्या पलीकडे खरंच नेट आहे की नाही, हे ते यंत्र बघत नाही. पलीकडे दिवा जळतोय, एवढंच त्याला पुरतं.

दुकानात नेताना भावेशनं वायर उपटली, म्हणून तिथं नेट आलं. पूर्वी गेली म्हणून नव्हे.

सगळं घर विचारत होतं, कुणी काढलं, कुणी बंद केलं, कुणी तोडलं. आणि परीक्षा बुडाली ती कुणीतरी काहीतरी लावल्यामुळे. वैर धरणारा माणूस लावत नाही, तोडतो. लावतो तो, ज्याला सुटलेलं बघवत नाही.

त्यांनी डोळे मिटले. फ्रिजच्या प्लगवर दाबलेला तो रुंद अंगठा त्यांना मिटल्या डोळ्यांपुढे दिसला.

नेम मोडावा लागणार नव्हता. उणं बोलण्यासारखं इथं कुणी काही केलंच नव्हतं. पण त्याचा जो हलकेपणा वाटायला हवा होता, तो त्यांना वाटला नाही. देवापुढे त्या खूप वेळ बसल्या आणि काही मागायचं सुचेना.

५. आनंदाभाऊ

दुसऱ्या दिवशी आनंदाभाऊ गॅलरीत एकटेच होते. किशोरीबाई शेजारच्या खुर्चीवर बसल्या. आधी इकडचं तिकडचं झालं, यार्डातलं, थंड कंटेनरांचं. प्लग सुटला तर आतली कोलंबी कशी जाते, हे सांगताना त्यांचा चेहरा खुलला. मग बाईंनी विचारलं, परीक्षेच्या दिवशी फळीवरची वायर तुम्ही लावलीत का.

त्यांनी खुर्ची जवळ ओढली. आत कुणी आहे का ते वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“तुमाला पूर्वीनं सांगितलं?”

“नाही.”

“तिला नाय ठाव.” मग हळूहळू त्यांनी सगळं सांगितलं. पोरीची परीक्षा म्हणून त्यांच्या जिवाला थारा नव्हता, हॉलमध्ये फेऱ्या घालत होते. पूर्वीनं फळीवरून चार्जर ओढला आणि सोफ्यावर जाऊन बसली. तेवढ्यात वायर फळीवरून घसरून लोंबायला लागली. त्यांना वाटलं, सुनेच्या हातून चुकून निघाली. मनस्वीला कळलं तर रामायण होईल. “म्हनून मी गुपचूप लावली. कोनी नाय बघितलं. पन तवर उशीर झालता, परीक्षा बंद पडलीच.”

“मग हे तुम्ही बोलला का नाहीत, भाऊ?”

“काय बोलनार? वायर सुटली व्हती म्हटलं असतं, तं तिच्यावरच आलं असतं ना. भावेस तं म्हनतच व्हता, तिचा हात बघितला. आनि सगली इचारत व्हती, कोनी काडली. मी तं लावली.”

किशोरीबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. हे सांगितलं नाही तर एका मुलीचं घर जातं. सांगितलं तर या माणसाचं काय जाईल, ते त्यांना दिसत होतं.

त्यांनी सांगितलं. अगदी सावकाश, लहान मुलीला सांगावं तसं. वायर आधीपासून सुटलेलीच होती, कित्येक महिने. ती सुटलेली होती म्हणूनच वायफाय चालू होतं. ती मेलेल्या डब्यात लागली आणि लॅपटॉपनं चांगलं नेट सोडून मेलेलं धरलं.

आनंदाभाऊ ऐकत राहिले. एकदा म्हणाले, पुन्हा सांगा. त्यांनी पुन्हा सांगितलं.

“म्हंजे मी लावली नसती, तं परीक्षा झाली असती.”

“हो.”

“आनि मी बोललो असतो, तं पूर्वी गेली नसती.”

 म्हाताऱ्यानं दोन्ही तळहात उताणे करून पाहिले, जणू त्यांना काही लागलंय. मग ते उठून आत गेले आणि सगळ्यांना हाक मारली. बाईंनी सांगायचं म्हटलं तर नको म्हणाले. स्वतःच सांगितलं, उभ्यानंच.

दमयंतीबाईंनी फळीवरच्या काळ्या डब्याकडे पाहिलं. मनस्वीनं वडिलांकडे पाहिलं. मग ती तशीच खोलीत निघून गेली. दार तिनं हळूच लावलं.

भावेशनं मोबाइल खिशात टाकला. “म्हणजे तिनं नव्हतं केलं. चला, बरं झालं, सुटलं एकदाचं. बाबा, तुम्ही जाऊन सांगा तिला. म्हणावं, ये. घरात कुणाच्या मनात आता काही नाही.”

“तू येत नाहीस?” किशोरीबाईंनी विचारलं.

त्याची एक गाडी उरण फाट्याला अडकली होती. शिवाय, तो म्हणाला, आता त्यात एवढं जाण्यासारखं काय राहिलं.

६. करंजा

उरणजवळच्या करंज्याला पूर्वीच्या माहेरी अंगणात सुकट वाळत घातली होती. पूर्वी तिथं कावळे हाकत बसली होती. सासऱ्याला पाहून ती उठली, पदर सारखा केला, वाकून नमस्कार केला, आणि मनस्वीच्या बाई म्हणून किशोरीबाईंनाही केला. आई बंदरावर गेलीय म्हणाली. पाणी आणून दिलं, पंखा लावला.

आनंदाभाऊंना बोलायला सुरुवातच करता येईना. रिक्षात सबंध वाट त्यांनी शब्द जुळवले होते, ते सगळे गेले. शेवटी ते एवढंच म्हणाले, “मीच केलं गो बाय.” आणि पुढचं किशोरीबाईंनी सांगितलं. वायर, काळा डबा, गणपतीचा फोटो, तिला बोल लागू नये म्हणून त्यांनी गुपचूप केलेलं काम, आणि नंतरचं मौन.

पूर्वीनं मधे एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी ती सासऱ्याकडे वळली आणि म्हणाली, “तुम्ही माझ्यासाठी केलंत, ते कळलं बाबा मला. मनाला लावून घेऊ नका.” तिचा आवाज इतका मऊ होता की आनंदाभाऊंच्या चेहऱ्यावर आशा उमटली.

“मंग चल. आज चल. सासूनं तुजी वाट बघून ताट घेतलं नाय.”

पूर्वी किशोरीबाईंकडे पाहू लागली. “मावशी, भावेश कुठं आहे?”

“त्याला काम होतं.” बाईंना खोटं बोलता येत नव्हतं, आणि आज खरं बोलणं त्यांना फार जड गेलं. “ये म्हणालाय. कुणाच्या मनात काही नाही म्हणाला.”

“आणि मनस्वी? बाबांनी केलं असं कळल्यावर ती बाबांना काय म्हणाली?”

“काही नाही म्हणाली.”

“काहीच नाही?”

“खोलीत गेली.”

पूर्वीनं मान हलवली, जणू हेच तिला हवं होतं आणि हेच नको होतं. अंगणात कावळा सुकटीवर उतरला, तिनं तो हाकला नाही.

“मावशी, इतके दिवस मला वाटायचं, कुणीतरी वैऱ्यानं केलं असेल. तो सापडला की सगळं तसंच होईल, मी माझ्या घरी जाईन. त्यावर तर मी दिवस काढत होते.” ती थांबली. “आता वैरीच नाय कुणी. काम तेच. मी केलं असं वाटलं तेव्हा मला दाराबाहेर काढलं. बाबांनी केलं कळलं तर कुणी तोंड उघडलं नाय. मग त्या घरात मी कोण होते?”

आनंदाभाऊ उठून सुकटीवरचा कावळा हाकून आले.

“बैठकीला मी येईन,” पूर्वी म्हणाली. “जे असेल ते तिथंच होऊ दे. मला आता भांडायचं नाय.”

मग ती आत गेली. चुलीवर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला, भांडं घासल्याचा आवाज आला. किशोरीबाई मनातल्या मनात नाम घेत होत्या, पण त्यांचं लक्ष पुन्हा पुन्हा स्वयंपाकघराच्या दाराकडे जात होतं. ती हाक मारेल, बाबा थांबा म्हणेल, असं अजून कुठंतरी वाटत होतं.

पूर्वी ताट घेऊन आली. गरम भाकरी, बोंबलाचं कालवण, बाजूला चिरलेला कांदा. आनंदाभाऊंना बोंबील फार आवडे, हे तिला ठाऊक होतं. किशोरीबाईंपुढे तिनं, चातुर्मास आहे म्हणून, न विचारताच गुळाचा खडा आणि पाणी ठेवलं.

“बाबा, जेवून घ्या,” ती म्हणाली. “तुमची शुगर उतरेल.”

म्हाताऱ्यानं भाकरीचा तुकडा मोडला. तो कालवणात बुडवला, तोंडाशी नेला आणि चावत राहिला.  पूर्वी त्यांच्यासमोर पाटावर बसून होती. ताट संपत आलं की ती दुसरी भाकरी वाढणार होती, आणि ते नको म्हणणार नव्हते.